मागची सीट

ग्लेनिस हार्कनेसनं साठीला टेकल्यावर मोठी मोटारसायकल विकत घेतली, तेव्हा टास्मानिया बेटावरच्या योला गावात दोन मतं होती. काही म्हणत होते, बाईनं आता गुलाब छाटत बसावं. उरलेले म्हणत होते, नवऱ्याच्या दुखण्यानं बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिच्या बाजूनं बोलणारं असं कुणीच नव्हतं.

गाडी निळी होती, अंगानं रुंद. लांबचा पल्लाही मारावा आणि वळणांवर मजाही घ्यावी, अशा दुहेरी कामासाठी घडवलेली. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवणारी काच, आणि वजन म्हणाल तर अंगानं भरलेल्या कालवडीएवढं. डेव्हनपोर्टच्या दुकानातला पोरगेला विक्रेता किल्ली देताना तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, नवरा कुठे आहे म्हणून. गाडी तिथून चालवत आणायची तिची छाती झाली नाही. शेजारचा डेकर आपल्या बटाट्याच्या ट्रकमधून ती घेऊन आला. फळीवरून खाली उतरवताना तो म्हणाला की गाई विकत घेतल्या असत्यास तर निदान दूध तरी मिळालं असतं.

नवरा, म्हणजे मर्व, शेडच्या दारात उभा होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक डाग वाढत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, मधलं गेलं होतं. माणसाकडे बघितलं की कान दिसायचे, चेहरा नाही. म्हणून त्यानं गाडी हातानं बघितली. टाकीवरून, हँडलवरून, मागच्या टायरवरून सावकाश बोटं फिरवली.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "तुझी नाही."

"मग कुणाची?"

"तुझ्यापेक्षा वीतभर उंच बाईची." एवढं बोलून तो आत गेला.

मर्वनं जन्मभर मोटारसायकल चालवली होती. लाकूडतोडीच्या कंपनीत तो यंत्रं दुरुस्त करायचा, आणि रविवार उजाडला की ग्लेनिसला मागे बसवून निघायचा. कधी किनाऱ्यानं पेंग्विन नावाच्या गावाकडे, कधी हेलियर नदीच्या घळीतून वॉराटा गावाला. डोळे अधू झाल्यावर लायसन त्यानं आपण होऊन परत केलं आणि गाडी लॉन्सेस्टनच्या एका माणसाला विकली. गाडी फाटकाबाहेर गेली त्या दिवशी तो शेडमध्ये जाऊन बसला, जेवायलाही आला नाही. त्यानंतर ग्लेनिस त्याला मोटारीतून न्यायची, दवाखान्यात, बाजारात, होबार्टला लेकीकडे. तो शेजारी बसायचा, तोंड खिडकीकडे करून. एकदा म्हणाला, "पार्सल पोचवतेयस तू." ते शब्द तिच्या मनात काट्यासारखे रुतून बसले.

गाडी घ्यायचं तिनं त्या दिवशी ठरवलं. लायसन तिच्याकडे होतं. तरुणपणी बर्नीच्या इस्पितळात धुलाईखात्यात कामाला असताना ती एक छोटी फटफटी चालवायची. मग लग्न झालं, मर्वची मोठी गाडी आली, आणि ती जी मागे बसली ती बसलीच. लायसन मात्र न चुकता नवं करून घ्यायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात गाडी पडली. भर रस्त्यात पडली असती तर सांगायला तरी काही झालं असतं. पडली ती अंगणात. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, खाली खडी, आणि ग्लेनिसनं हँडल वळवलेलं असतानाच पुढचा ब्रेक दाबला. गाडी एका बाजूला कलली, तिनं पायाच्या चवड्यावर तोलून धरायला बघितली, आणि मग गाय रवंथ करायला बसावी तशी ती निवांत आडवी झाली. ग्लेनिस कशीबशी बाजूला झाली. आवाज ऐकून मर्व कुंपण चाचपत आला.

"पाय अडकला का?"

"नाही."

"मग इंजिन बंद कर आधी."

तो हसेल म्हणून ती वाट बघत होती. तो हसला नाही. गाडीकडे पाठ कर, ढुंगण सीटला टेकव, एक हात हँडलला आणि एक मागच्या दांड्याला धर, आणि पाठीनं नाही, मांड्यांनी उचल, असं त्यानं सांगितलं. तो दुसऱ्या बाजूनं तोल धरून उभा राहिला. गाडी उभी राहिली. दोघंही घामानं चिंब झाले होते. मर्वचा चेहरा पुष्कळ दिवसांनी जरा मोकळा दिसत होता, आणि त्याचाच ग्लेनिसला राग आला. आपण पडलो की याला बरं वाटतं, असं तिच्या मनात आलं. नंतर स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिला कळलं की ते तसं नव्हतं. आज कुणाला तरी त्याची गरज पडली होती, एवढंच.

मग ती डेकरच्या वखारीसमोरच्या काँक्रीटवर जायला लागली. बटाट्याच्या रिकाम्या पेट्या मांडायच्या आणि त्यांच्यामधून चालण्याच्या गतीनं गाडी फिरवायची. मोठी गाडी वेगात असली की शहाणी असते, हळू चालवली की हट्टी होते. क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक हलका दाबून, नजर चाकाजवळ न ठेवता जिथे जायचं तिथे लावून, ती वेटोळी घालत राहिली. नजर खाली गेली की गाडी नजरेमागे जायची आणि पेटी उडायची. डेकर दारात उभा राहून म्हणायचा की माझ्या बटाट्यांना घेरी यायला लागली. पण संध्याकाळी तो उडालेल्या पेट्या मुकाट्यानं परत लावून ठेवायचा.

अंगाला सगळंच नवं होतं. मनगटं रात्रभर ठणकायची. इंजिनची धग नडग्यांना लागायची. सीट खाली करून घेतली, जाड तळाचे बूट आणले, तेव्हा कुठे दोन्ही पाय टेकायला लागले. सगळ्यात अवघड होता तो गाडीचा गुळगुळीतपणा. जुनी फटफटी वेग वाढला की बोंब मारायची. ही काही बोलायचीच नाही, नुसती घरंगळल्यासारखी जायची, आणि किती जोरात चाललोय ते वेगाच्या काट्याकडे बघितल्यावरच कळायचं. कुठल्या कुरणात किती गाई आहेत हे दिसेल इतक्याच वेगानं जायचं, असा नियम तिनं स्वतःला घालून घेतला.

किनाऱ्याच्या रस्त्यावर हात बसल्यावर एका सकाळी ती एकटीच हेलियरच्या घळीकडे गेली. मर्वला सांगितलं नाही. घळीत रस्ता नेच्यांच्या आणि उंच झाडांच्या मधून गोल गोल खाली नदीपर्यंत उतरतो. सावलीतला डांबराचा भाग दुपारपर्यंत ओला असतो. पहिली दोनचार वळणं बरी गेली. पुढच्या डाव्या वळणात ती जरा जोरात शिरली, घाबरली आणि मध्येच ब्रेक दाबला. कललेली गाडी ताठ उभी राहिली आणि सरळ पलीकडच्या बाजूला निघाली. समोरून ओंडक्यांचा ट्रक येत होता. त्यानं भोंगा दिला, तिनं कसंबसं गाडीला आत ओढलं, ट्रक गेला. लाकडाच्या सालीचा वास तेवढा मागे राहिला.

खाली नदीकाठच्या बाकावर ती बसली. हेल्मेटचा बंद तिला तिसऱ्या खेपेला सुटला. गाडी इथेच ठेवावी, डेकरला ट्रक घेऊन बोलवावं, आणि उद्या दुकानदाराला परत देऊन टाकावी, असं तिनं जवळजवळ नक्की केलं. पण इथे फोन लागत नव्हता. मग तिनं सँडविच काढलं आणि खात बसली.

खाता खाता तिच्या ध्यानात आलं, या घळीतून आपण किती वेळा गेलोय आणि कधीच भ्यालो नाही. कितीदा तर डोळे मिटून घ्यायचो. का बरं? कारण वळण यायच्या आधी आपल्याला कळायचं. कसं कळायचं? मर्वच्या पाठीवरून. वळणाच्या जरा आधी तो श्वास सोडायचा, खांदे खाली यायचे, गाडी संथ व्हायची, मान आतल्या बाजूला वळायची, आणि मगच गाडी कलायची. ब्रेकचं सगळं काम वळणाआधी उरकलेलं असायचं. वळणात तो काहीच करायचा नाही, नुसता जायचा. इतकी वर्षं तिनं रस्ता बघितलाच नव्हता. बघितली होती ती त्याची पाठ.

तिनं बंद बांधला आणि चढ चढायला लागली. वळण दिसलं की आधीच वेग कमी करायची, मोठ्यानं श्वास सोडायची, खांदे सोडून द्यायची आणि वळण जिथे संपतं तिथे बघायची. गाडी अशी वळली की जणू कधीपासून हेच सांगत होती. वर पोचेपर्यंत ती हेल्मेटच्या आत काहीतरी गुणगुणायला लागली होती.

घरी आल्यावर तिनं मर्वला सगळं सांगितलं, ट्रकसकट. तो आधी चिडला.

"मी खांदे पाडायचो?" मग त्यानं विचारलं.

"दर वळणाला."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुला कसं ठाऊक असणार? तू पुढे होतास."

मग तिनं इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. रविवारी येतोस का माझ्यामागे? मर्वनं आधी थट्टेवारी नेलं. मोटारसायकल क्लबातले लोक काय म्हणतील, आपली कंबर, आपलं वजन, सगळं सांगून झालं. ती ऐकत राहिली. मग तो वैतागून म्हणाला, "जिथून पुढचं काही दिसत नाही तिथे मी नाही बसणार."

"मला काय दिसत होतं रे? एवढी वर्षं माझ्यापुढे तुझं हेल्मेट होतं."

तो चहाचा कप घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभा राहिला.

रविवारी ती निघायच्या तयारीत असताना तो जुनं चामड्याचं जाकीट घालून बाहेर आला. जाकिटाच्या गुंड्या पोटावर लागत नव्हत्या. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो परत फिरला असता.

मागे बसायला मर्वइतका वाईट माणूस टास्मानियात दुसरा नसेल. त्यानं तिच्या कंबरेला अशी मिठी घातली की तिला धड श्वास घेता येईना. नसलेला ब्रेक तो पायानं दाबत होता. गाडी डावीकडे कलली की हा उजवीकडे ताठ. गावाबाहेरच्या पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी मधल्या रेषेवर गेली, तशी ग्लेनिसनं ती एका फाटकापाशी थांबवली.

"अरे, बटाट्याचं पोतं हो ना जरा! पोतं कधी गाडी चालवायला बघतं का?"

मर्व उतरला आणि कुंपणाला हात लावत लावत कुरणाच्या कडेनं चालायला लागला. पायी घरी जाणार असं वाटलं. ग्लेनिस गाडीवर बसून राहिली. त्याच्यामागे जायचं नाही, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारातून कळलं होतं. बऱ्याच वेळानं तो परत आला.

"मी भितो, ग्लेन," तो म्हणाला. हेल्मेटमुळे आवाज घुसमटल्यासारखा येत होता. "रोज भितो. नुसता गाडीवर नाही. काय येणार आहे पुढे ते कळतच नाही."

तिनं त्याचा हात घेतला आणि आपल्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, सपाट ठेवला. "दुसऱ्या हातानं दांडा धर. हा इथेच ठेव. वळणाआधी खांदे खाली जातील. ते गेले की तूही सैल हो. बाकी काही करायचं नाही."

पुढची वळणं तिनं मुद्दाम संथ घेतली. खांदे सोडले की पाठीवरचा हात आधी घट्ट व्हायचा. मग कमी घट्ट. घळीच्या तोंडाशी येईपर्यंत तो नुसता टेकलेला होता. नेचे दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागले, ओल्या मातीचा वास आला, आणि मर्व मागून काहीतरी ओरडला. तिला वाटलं, काहीतरी बिनसलं. पुढच्या मोकळ्या जागेत तिनं वेग कमी केला.

"काय झालं?"

"दिसतंय!" तो म्हणाला. "बाजूचं सगळं दिसतंय. नेचे, ती नदी, पलीकडचा कडा. मधे तर तुझं डोकंच आहे, तिथे दिसून करायचंय काय?"

ग्लेनिसला हसू आलं आणि डोळेही भरले. पण रस्त्यावर नजर ठेवणं भाग होतं, म्हणून डोळे पुसायचे राहून गेले.

वॉराटाला पोचल्यावर ती धबधब्याकडे तोंड करून उतारावर थांबली. घोड्यासारखी ही गाडी मागे चालत नाही, आणि आता ती चढावर मागे ढकलावी लागणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघांनी मिळून ढकलली, पाय घसरत, एकमेकांना शिव्या देत. हॉटेलच्या ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या पाहुण्या कौतुकानं बघत होत्या. त्यातली एक मर्वला म्हणाली की तुमची गाडी छान आहे हं. मर्वनं ती आपली नसून बायकोची आहे असं सांगितलं. आपण फक्त पोतं, हेही सांगितलं. त्या बाईला त्यातलं काही कळलं नाही.

आत त्यांनी मीट पाय, म्हणजे खिमा भरून भाजलेली खारी, आणि चहा मागवला. मर्वनं मीट पायचा तुकडा बोटांनी चाचपून तोंडात घातला, तोंड भाजलं, आणि दक्षिणेकडचा रस्ता कसा आहे हे विचारायला लागला. झीहान गावापर्यंत जाता येईल का, तिथून पुढे समुद्राला. आठवडाभरापूर्वी होबार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाग आणखी पसरेल. किती आणि कधी, ते सांगता येत नाही. दोघांनाही ते माहीत होतं. ग्लेनिसनं आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला ढग होते, पण वरच्या वर विरत होते. मनगटं दुखत होती. परतीच्या वाटेवर घळ पुन्हा होतीच.

"झीहान आज नको," ती म्हणाली. "मला अजून तेवढं जमत नाही."

"मग पुढच्या रविवारी?"

"आधी पेट्रोल भरू. आणि तुला पोटावर बसेल असं जाकीट घेऊ."

"पोट कमी करतो की."

"तोवर आपण झीहानला पायी पोचू," ग्लेनिस म्हणाली, आणि त्याच्या बशीतला उरलेला तुकडा उचलून खाल्ला.