मध्यवर्ती कल्पना, दहापैकी चार

आमच्या ओहायोतल्या गावात दर मेमोरियल डेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, शाळेतलं एक मूल दफनभूमीत लिंकननं गेटिसबर्गच्या रणभूमीवर केलेलं भाषण म्हणतं. कोण म्हणणार ते मी ठरवते. भाषणाची मध्यवर्ती कल्पना जो नीट लिहील, तो. सव्वीस वर्षं हेच चाललंय.

यंदा कॉरिन लस्क महिनाभर माझ्या मागे लागली होती. "मलाच द्या हं बाई, वेस्लीला ऐकवायचंय." वेस्ली तिचा भाऊ. तीन वर्षांपूर्वी अफगाणिस्तानात लढताना गेला, आमच्या या दफनभूमीतच चौथ्या रांगेत पुरलाय.

तिनं लिहिलं: 'लिंकन सांगतो, गेलेल्यांनी त्यांचं काम केलं, उरलेलं जिवंत माणसांनी करायचं. वेस्लीच्या अंत्यविधीला त्रेचाळीस जण आईला म्हणाले, काही लागलं तर सांग. आईनं दोघांना फोन केला. कुणी आलं नाही. हे भाषण त्या त्रेचाळीस जणांसाठी आहे.'

त्या दोघांतली एक मी. लुआनला, तिच्या आईला, डॉक्टरकडे न्यायला कुणीतरी हवं होतं. "या आठवड्यात जरा गडबड आहे गं," मी म्हणाले होते. गडबड कसली डोंबलाची, टीव्ही बघत बसले होते.

खोटं कशाला बोलू, वाचून मला रागच आला. एवढीशी पोर मला अक्कल शिकवते. लाल पेनानं लिहिलं, 'विषय सोडून.' दहापैकी चार. भाषण ब्रॉडीला दिलं. त्यानं फळ्यावरचं माझंच वाक्य उतरवलं होतं.

कॉरिन कागद घेऊन आली. "बाई, माझी कल्पना चुकली का?"

"चुकली."

"मग बरोबर काय?"

"देशासाठी त्याग," मी टेबलाकडे बघत म्हणाले.

तिनं ते लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी शब्द मागे घेतला नाही.

सोमवारी, स्मरणदिनी, ब्रॉडीनं भाषण घडाघडा म्हटलं, टाळ्या पडल्या. मला राहवेना. लुआनजवळ गेले. "काही लागलं तर..." मेलं तोंडातून पुन्हा तेच निघालं.

"आज सगळेच विचारतात," लुआन म्हणाली. "उद्या ये ना. उद्या कुणी नसतं."

"येते," मी म्हणाले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर केक घेऊन निघाले. त्यांच्या दारापाशी गाडीचा वेग कमी केला. पायरीवर कॉरिन बसली होती. तिनं मला ओळखलं, उठून हात केला. मी न पाहिल्यासारखं केलं आणि गाडी पुढे काढली.