गंगावनाला तेल

नीलमच्या केसांतून कंगवा फिरला की वाळलेल्या गवतासारखी खरखर ऐकू येई. डेंग्यूच्या तापानंतर तिचे निम्मे केस गळले होते. आजारपणानंतर निवेदनाचे पहिले काम मिळाले होते, आज संध्याकाळी, भाईंदर पश्चिमेच्या एका सभागृहात. विरळ डोक्याने मंचावर उभे राहायचे नाही म्हणून तिने उत्तनच्या पार्लरवाल्या मिशेलकडून केसांच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या होत्या.

त्या चिकटवलेल्या केसांची घ्यायची ती सारी काळजी घेऊन झाली होती. सौम्य शाम्पू, टोकांपुरते कंडिशनर, झोपताना सैल वेणी. पण इंद्रलोक भागातल्या त्यांच्या सोसायटीत सध्या टँकरचे पाणी येत होते, आणि त्या क्षाराच्या पाण्यापुढे कशाचेच काही चालत नव्हते. शेवटी तिने मिशेलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अगं, तुझ्या केसांना मुळातनं तेल मिळतं, त्या केसांना मिळत न्हाय," मिशेल म्हणाली. "मग कोरडं पडनारच. दोन थेंब घ्यायचं, टोकांना..." तिच्याकडे ड्रायर सुरू झाला आणि पुढचे त्यात बुडाले.

"टोकांना. तेच करतेय केव्हाची," फोन ठेवत नीलम पुटपुटली.

पट्ट्यांच्या ओढीने डोके ठणकत होते. "ये, चेपून देते," शेजारी बसून फोन ऐकणाऱ्या तिच्या सासूबाई, उर्मिलाबाई, म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्याला टेकल्या टेकल्या नीलमचा डोळा लागला. जाग आली ती कोमट खोबरेलाच्या वासाने.

"आई, हे काय केलंत?"

"मुळातून तेल मिळत नाही म्हणाली ना ती? चांगलं जिरवलंय. गंगावन काय मला नवीन आहे? आम्ही तेल लावून खिळ्याला टांगून ठेवायचो."

"ते काढून ठेवता यायचं. हे चिकटवलेलं आहे, आई. तेलाने डिंक सुटतो."

"तूच म्हणालीस ना, गंगावनच समजा?"

पट्ट्या लावून आली त्या दिवशी म्हणाली होती खरी. समजावत बसायचा कंटाळा आला होता. नीलमने कानामागे हात नेला. एक पट्टी अलगद बोटांत आली, पाठोपाठ दुसरी. ओरडावेसे वाटले, पण उर्मिलाबाईंचे तेलकट तळवे तसेच हवेत थांबले होते. हातातले केस मात्र पहिल्यांदाच मऊसूत लागत होते. त्याचाच तिला जास्त राग आला.

"मिशेलला बोलाव."

"ती नवरी सजवतेय. आज नाही यायची."

उर्मिलाबाई आत गेल्या आणि काळा रेशमी दोरा घेऊन आल्या. सुटलेल्या पट्ट्या त्यांनी एकत्र बांधायला घेतल्या. "बस खाली. आता खरंच गंगावन झालं. वेणीत गुंफते, डिंक लागत नाही त्याला."

"एवढं तेलकट? लोक काय म्हणतील?"

"लोक तुला ऐकायला येणार की हुंगायला?"

नीलम हसली नाही. त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली.

"घट्ट घाला," ती म्हणाली. "ऐन बोलताना निसटायला नको."