मरीआईच्या पेटीतला आवाज

चावडीपुढच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निवळवाडीतली झाडून सगळी माणसं आली होती, शिवाय बोरीच्या वाटेवरच्या दोन-तीन वाड्यांतलीही. वैशाखाचं ऊन कलायला लागलं होतं, तरी अंगाला घाम सुटला होता. आणि तो उन्हाने सुटलेला नव्हता. दहा दिवसांत पटकीने गावातली सहा माणसं नेली होती.

ओसरीवर चौरंगावर हातभर उंचीची एक लाकडी पेटी होती. समोरून जाळीचं कापड, त्याखाली पितळेची दोन बटणं, वर शेंदराचा पट्टा. पेटीच्या मागे भिंतीवर हिरवं लुगडं सोडलं होतं आणि त्यावर कवड्यांची माळ. शेजारी नभनाथ महाराज बसले होते. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून भरलेले.

"विलायतेतला सायब बोलतो ते परभणीत ऐकू येतं का न्हाई?" महाराजांनी विचारलं.

"येतं!" माणसं म्हणाली. पाटील सोडले तर ऐकलं कुणीच नव्हतं.

"बिनतारी येतं! समुद्र वलांडून येतं! मग सायबाची वाणी येती, आन आईची येणार न्हाई? सायब मोठा का मरीआई मोठी?"

"आई! आई!"

महाराजांनी बटण पिळलं. पेटीतून खरखर आली, आणि मग तो आवाज. बारीक, बाईचा, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"सहा नेले... अजून सोळा नेणार..."

पुढच्या रांगेत कस्तुराबाई बसली होती. ती गावची सुईण. समोर बसलेली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि त्या सहातली दोन पोरंही. घरी तिची सून कोकिळा नऊ दिवसांची बाळंतीण होती. संध्याकाळ झाली की तिचं अंग तापायचं. मुलगा रामकिशन परभणीला जिनिंगमध्ये कामाला. घरात मोठी माणसं म्हणून दोघीच, आणि ते मूठभर पोर.

"हिरीत लाल औषध टाकू नगा," पेटी बोलली. "माझं पाणी बाटतं. आन परवा दिस मावळायच्या आत गाव रिकामं करा. तीन दिवस नदीपल्याड ऱ्हावा. अंगावर सोनं-चांदी नको, संगं दाणा नको. दारं उघडी टाका. मी घरोघर फिरणार हाय. ज्याचं दार लागलेलं दिसल, त्याच्या घरी दिवा लावायला माणूस उरणार न्हाई."

बायकांनी मोठ्याने गळा काढला. कस्तुराबाई रडली नाही. तिच्या डोळ्यांपुढे नदीपल्याडचं माळरान आलं. ना झाड, ना आडोसा. तापलेली बाळंतीण तिथे तीन दिवस ठेवायची? आणि नाही ठेवली तर?

निवळवाडीने ही पेटी इतकी चटकन मानली ती एका माणसामुळे. गावचे पाटील दिनकरराव वर्षामागे परभणीला गेले असता एका अडत्याच्या पेढीवर त्यांनी रेडिओ ऐकला होता. लढाईच्या खबरा. परत आल्यावर त्यांनी महिनाभर गावाला दुसरं काही सांगितलं नाही. "पेटी खोटं बोलत न्हाई. सरकार सुदिक तिचं ऐकतं," हे त्यांचं वाक्य लेकरांनाही पाठ झालं होतं. त्यामुळे महाराज पेटी घेऊन आले तेव्हा गावाने पेटीकडे पाहिलंच नाही, पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मान डोलावली. झालं. दुसऱ्याच दिवशी जिंतूरच्या दवाखान्यातला माणूस विहिरीत लाल औषध टाकायला आला, तेव्हा त्याला धोंडे मारून शिवेपर्यंत पळवून लावलं.

त्या संध्याकाळी महाराजांचा चेला भुजंग कस्तुराबाईच्या दारात आला. तो रोज घरोघर फिरून सुखदुःख विचारायचा. आईच्या कानावर घालायला, म्हणे. लोकांना तो आवडायचा. मऊ बोलायचा, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा.

"बाई, घरधन्याचं नाव काय म्हणलं?"

नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याचं नाव कस्तुराबाईने कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिने पदर सारखा केला. "आमच्या घराला मुंजाजीचं घर म्हणत्यात," ती म्हणाली. मुंजाजी तिचा धाकटा दीर. दोन घरं सोडून राहायचा, धडधाकट होता.

"आन धनी कवा गेले?"

"झाली बारा वर्सं."

भुजंगने हळहळून मान हलवली आणि तो पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर पुन्हा गाव जमलं. पेटी खरखरली. दोघाचौघांची गाऱ्हाणी झाली, आणि मग आवाज म्हणाला, "कस्तुरा... ए कस्तुरा..."

तिने मान वर केली.

"तुजा धनी मुंजाजी बारा वर्सं झाली माझ्या पायापाशी बसलाय. त्यो म्हंतो, सुनंला उचल. नातवाला उचल. गाव सोड."

सगळ्यांच्या माना हळूहळू एका बाजूला वळल्या. तिथे, लिंबाच्या बुंध्याशी, मुंजाजी बसला होता. त्याने आपल्या छातीवर हात ठेवून पाहिला.

कुणीतरी बोलेल म्हणून कस्तुराबाई वाट पाहत होती. या माणसांनी तिच्या नवऱ्याला खांदा दिला होता. पण सगळे पाटलांकडे पाहत राहिले.

दिनकरराव पाटील खाकरले. "आई मागचं न्हाई, पुढचं सांगायली," ते म्हणाले. "मुंजाजी जाणार."

"जाणार... मुंजाजी जाणार..." कुजबुज पटांगणभर पसरली. मुंजाजी उठला, दोन पावलं चालला आणि मटकन खाली बसला. लोकांनी त्याला उचलून घरी नेलं. त्याने बाजेवर अंग टाकलं, भिंतीकडे तोंड केलं. भाकरी नको म्हणाला, पाणीही नको म्हणाला. ना जुलाब, ना उलटी. माणूस नुसता मरायची वाट बघत पडला.

कस्तुराबाई त्याच्या उशाशी बसली होती. भीतीने तिचं डोकं चालत नव्हतं. पण एक गोष्ट काट्यासारखी आत हलत होती. ते नाव. ते नाव देवीला कुणी सांगितलं? मीच की. काल. भुजंगला.

ती तशीच उठली आणि मदरशात, गावच्या शाळेत गेली.

बन्सीधर मास्तर परभणीचे. गावात येऊन त्यांना दीडच वर्ष झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लोटलं.

"मावशी, मी रेडिओ उघडून पाहिलेला आहे. त्याला बॅटरी लागते, उंच बांधलेली तार लागते. या पेटीला काहीच नाही."

"मंग बोललाव न्हाईत ते?"

"भ्यायलोय," मास्तर सरळ म्हणाले. "औषधवाल्याचं काय झालं ते बघितलं ना? मी तर बाहेरचा माणूस. आणखी एक सांगतो. पेटी बोलते तेव्हा भुजंग कुठं असतो?"

"नदीच्या डोहात. गळ्याइतक्या पाण्यात जप करत हुबा ऱ्हातो, महाराज म्हंतेत."

"परवा पेटी बोलत होती तेव्हा मी डोहावर गेलो होतो. तिथं म्हशी होत्या. भुजंग नव्हता."

"चावडीच्या मागं खोली हाय," ती म्हणाली. "महाराजांच्या ध्यानाची."

"आहे. आणि आतून कडी असते. पण मला पेटीजवळ कोण जाऊ देईल?"

"मला जाऊ देतील. वटी भराया."

तिसरा दिवस उजाडला तो सामसुमीत. जनावरं आदल्या दिवशीच नदीपल्याड गेली होती. दारं उघडी पडली होती. बायकांनी अंगावरची चांदी काढून देव्हाऱ्यापुढे ठेवली होती. दुपारी शेवटची वाणी ऐकून सगळे तिथूनच निघणार होते. पटांगणाच्या कडेला बाजेवर मुंजाजी होता, आणि गाडीत गोधडीखाली कोकिळा, पोराला पोटाशी धरून.

"निघा... दिस थोडा ऱ्हायला..." पेटी बोलायला लागली.

कस्तुराबाई उठली. ताटात नारळ, खण, तांदूळ. आणि मुठीत तपकिरीची पुडी. बाळंतिणीची वार पडायला उशीर झाला की ती तपकीर हुंगवून शिंका आणायची. पुडी कायम कमरेला असायची. खरंच आई असेल तर? आत्ताच्या आत्ता जीभ झडेल, नातू जाईल. ती ओसरीची पायरी चढली.

"थांब, बाई," महाराज म्हणाले.

"आईची वटी भरते, महाराज. जाणारच हाव न्हवं का आता."

महाराजांना गावापुढे नाही म्हणता येईना. ती पेटीसमोर वाकली. जाळीच्या कापडाशी तोंड नेलं आणि तिला आतून वास आला. कांद्याचा. मग आतून श्वास घेतल्याचं ऐकू आलं. पुढचं वाक्य बोलण्याआधी माणूस घेतो तसा. आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास ऐकणारे तिचे कान. तिने कापड बाजूला सारलं. आत रबरी नळीचं तोंड होतं. तिने सगळी पुडी त्यात ओतली आणि गाल फुगवून जोराने फुंकली.

"घरोघर फिरताना मी— आ... आक्छी! आक्छी!"

गाव उठून उभं राहिलं.

"आक्छी! महाराज, मेलो! डोळ्यात गेलं! नळीत काय टाकलं कुन्या भवानीनं!"

आवाज पुरुषाचा होता. आणि पेटीतून येत होता.

मास्तर दोघा गड्यांना घेऊन मागच्या दाराशी उभेच होते. खांद्याच्या एका धक्क्यात कडी निघाली. भुजंगला बाहेर आणलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, नाक वाहत होतं आणि नळी हातातच होती. लुगडं बाजूला केल्यावर भिंतीतलं भोक दिसलं. पेटी उलटी केली, आतून रिकामी. एक खरखरीत पत्रा आणि काठी तेवढी खोलीत सापडली. खरखर त्यांचीच.

माणसं महाराजांच्या अंगावर धावली. मास्तर मध्ये पडले. "मारू नका! मेलेला माणूस काही सांगत नाही. याला ठाण्यावर अमीनसाहेबांकडं जिता न्यायचाय."

अंगाला हात लागायच्या आधीच भुजंगने सांगून टाकलं. रिकाम्या घरांतलं सोनं-चांदी आणि दाणा भरून न्यायला खालच्या ओढ्यात सहा गाड्या उभ्या होत्या. दिवस मावळला की घरोघर फिरणारी आई ती.

मास्तरांनी मग एक केलं. नळी पुन्हा भोकातून पेटीत घातली, पाटलांना मागच्या खोलीत नेलं आणि नळीचं दुसरं टोक त्यांच्या तोंडाशी धरलं. पेटीतून बारीक, खोल आवाज आला: "मी... दिनकरराव बोलायलोय." कुणी हसलं नाही.

कस्तुराबाई अजून ओसरीवरच उभी होती.

"माझ्या मालकाचं नाव चंद्रभान," ती म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून गावाने पहिल्यांदा ऐकलं. "त्याच्या मातीला तुमी समदे होता. मुंजाजी जिता तुमच्यात बसला होता. काल पेटी चुकली, ते कुनाकुनाला कळलं? हात वर करा."

आधी शेजारच्या धुरपताबाईचा हात वर गेला. मग सुताराचा. मग एकेक करत हात वर होत गेले, आणि शेवटी खाली राहिलेला हात शोधावा लागला.

"मग बोलला काहून न्हाईत?"

"मला वाटलं, समद्यांचा यकीन हाय," धुरपताबाई म्हणाली. "माझंच मन पापी आसल."

"मला बी तसंच वाटलं," मागून कुणीतरी म्हणालं.

पाटील पायरीवर बसले होते, पागोटं मांडीवर. "परभणीला म्या पेटी ऐकली ती उर्दूत होती," ते म्हणाले. "घाईघाईत बोलत होती. मला निम्मं बी कळलं न्हाई. पन गावात येऊन सांगितलं, समदं कळलं म्हणून."

मास्तर म्हणाले, "आवाजात जादू नव्हती, पाटील. खऱ्या रेडिओत पण नसते. त्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखाच माणूस बसलेला असतो, खरं किंवा खोटं बोलणारा. भीती आपल्यात आधीच होती. या दोघांनी आपलंच घरोघर ऐकून पेटीतून आपल्याला परत ऐकवलं. तुम्ही मान डोलावली म्हणून गावानं डोलावली, आणि गाव डोलावतंय म्हणून प्रत्येकानं."

तू मरणार नाहीस, हे मुंजाजीला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तो उठून बसला आणि म्हणाला, "भाकर हाय का?" कोकिळाची गाडी घराकडे वळवली. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः जिंतूरला गेले, दवाखान्यातल्या माणसाचे पाय धरले, त्याला घेऊन आले. विहिरीत औषध पडलं. पाणी उकळून पिण्याची दवंडी दिली, तीही पाटलांनीच दिली, आणि या वेळी का उकळायचं ते आधी स्वतः विचारून घेतलं.

पटकी लगेच गेली नाही. त्या उन्हाळ्यात निवळवाडीत आणखी दोन माणसं दगावली. सोळा नाहीत. कोकिळाचा ताप पंधरवड्याने उतरला.

आवाज कितीही लांबून येवो, कितीही मोठ्या नावाने येवो, तो बोलणारं तोंड कुठे आहे ते आधी शोधावं. तो आपल्याला काय करायला सांगतो आणि त्यात त्याचा लाभ काय, हे बघावं. आणि ऐकलेलं पटलं नाही, तर घरी जाऊन कुढत बसू नये. तिथल्या तिथे, चारचौघांत, मोठ्याने विचारावं. बहुतेक वेळा शेजारी बसलेला माणूस तोच प्रश्न तोंडात धरून गप्प बसलेला असतो.