मांजराची सही

पाचव्यांदा पडद्यावर हिरवी खूण आली, ‘सही वैध आहे’, आणि मी कीबोर्ड बाजूला ढकलला.

वैध कसली, कपाळ! ती सही मीच केली होती. दहा मिनिटांपूर्वी, याच टेबलावर, स्वतः तयार केलेल्या डिजिटल किल्लीनं, आणि सही करणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘मांजर’ लिहून. आमची कंपनी इन्सुलिनचे पंप बनवते. पोटाला चिकटवायची एवढीशी डबी, तिचं सॉफ्टवेअर वायरलेसनंच बदलतं. नवं सॉफ्टवेअर खरोखर आमच्याकडूनच आलंय का, हे पंपानं सही तपासून ठरवायचं. सही करायची खासगी किल्ली आमच्या तिजोरीत, ती तपासायची सार्वजनिक किल्ली आधीपासून पंपात. इतकं सोपं. पण आमचा पंप तपासायची किल्ली घेत होता पाठवणाऱ्याकडूनच! चोरानं यावं आणि ओळख पटवायला साक्षीदारही स्वतःच आणावा, तसं.

माझी ताई तीन वर्षं हाच पंप लावतेय. ‘माझ्या बहिणीच्या हातचा आहे,’ असं सगळ्यांना सांगत फिरते. मांजरानं तिचा डोस दहापट केला असता, तरी पंपानं मान डोलावली असती.

साहेबांना बोलावलं. त्यांना तीन वाजता नवी आवृत्ती पाठवायची घाई.

“तीन वर्षांत एक तरी तक्रार आली का?”

“सगळ्यांना आत सोडणाऱ्या पहारेकऱ्याची तक्रार कोण करणार साहेब, चोर?”

“पुढच्या वेळी दुरुस्त करा ना. आज तेवढं जाऊ द्या.”

आज तेवढं जाऊ द्या! याच एका वाक्यावर आमचा अख्खा मजला चालतो. मी पाणी भरलेला एक पंप टेबलावर ठेवला आणि मांजराचं सॉफ्टवेअर त्यांच्यादेखत त्यात सोडलं. हिरवी खूण. मोटर गरगरली आणि नळीतून पाणी त्यांच्या कागदांवर सांडत राहिलं.

साहेबांनी ओले कागद उचलून झटकले. “कुणाचे प्रताप आहेत हे?”

मी कोडचा इतिहास उघडला. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, ते त्यात दिसतं. शिव्या ओठांवर तयारच होत्या. किल्ली पाठवणाऱ्याकडूनच घेणाऱ्या त्या सहा ओळींपुढे माझं नाव होतं. तारीख, ताईला पंप मिळाला त्याच्या आदल्या महिन्याची. तिला लवकर मिळावा म्हणून मीच सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. वर माझीच टीप, ‘तात्पुरतं. नंतर बदलणे.’ माझे कान तापले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तीनचं पाठवणं रद्द झालं. वायरलेसवर आता भरवसा नाही, म्हणून सगळे पंप परत मागवायचे, तोवर लोकांनी इंजेक्शनं घ्यायची, असं ठरलं. साहेब खाकरले. “ग्राहकांच्या पत्रात कुणाचं नाव घालायची गरज नाही.”

ताईला मात्र मीच फोन केला. पंप काढायला सांगितलं.

“अगं, परत सुया? दिवसाला चार?” ती वैतागली. “कुठल्या गाढवानं घोळ घातलाय?”

“मी, ताई.”

पलीकडून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

“इन्सुलिनची जुनी दोन पेनं आहेत,” ती कोरडेपणानं म्हणाली. “चालतील.”

“चालतील-बिलतील नाही. तारीख वाच.”

“डोकं नको खाऊस आता.”

“ताई, तारीख वाच.”

तिनं वाचली. दोन्हींची मुदत गेल्या वर्षीच संपली होती.

“नवी घेऊन निघते,” मी म्हणाले.

“आण,” ती म्हणाली. “तारीख मी बघेन.”