टोपीवालीचे अकरा सिनेमे

बायकोची पाठ वळलेली पाहून ऑपरेटरने पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी उचलली आणि सातव्या जागी नेऊन ठेवली. सातव्या जागेवरची वर आणली. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन तो खिडकीबाहेर पाहत बसला, जणू चिठ्ठ्यांशी आपला काही संबंधच नाही.

“पाहिलं हं मी,” बायको म्हणाली. ती शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवत होती आणि तिने मान वर केली नव्हती.

“नुसतं बघत होतो, कसं दिसतं ते.”

“वाईट दिसतं. ठेवा परत.”

त्याने ठेवली.

टेबलावर अशा अकरा चिठ्ठ्या होत्या. बायकोने त्या बेतण्याच्या खाकी कागदातून कापल्या होत्या, त्यामुळे अकराच्या अकरा एका मापाच्या होत्या. प्रत्येकीवर एकेका सिनेमाचं नाव. खरं नव्हे, घरातलं: घोड्यांचा, तुरुंगाचा, जुळ्या बहिणींचा, जिन्याचा. सगळे सिनेमे हॉलिवूडच्या एकाच जुन्या नटीचे. तिचं नाव घेताना गावातल्या लोकांच्या जिभेला गाठ पडायची, म्हणून सगळे तिला टोपीवाली म्हणत. प्रत्येक सिनेमात तिच्या डोक्यावर टोपी असे आणि एकीसारखी दुसरी नसे. ती काय बोलते त्यातलं अक्षरही कोणाला कळत नसे. पण टोपीखालून ती नुसती वर बघायची आणि पुढच्या रांगेतले शिट्ट्या मारणारेसुद्धा गप्प व्हायचे.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी टोपीवालीच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. सोबत तिच्या सिनेमांची क्रमवारी लावायची आणि जो पहिला येईल तो रविवारी दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या सभागृहात दाखवायचा. क्रम लावायला ऑपरेटरखेरीज कोणाला सांगणार? गावातल्या एकुलत्या एक थिएटरात ते अकराही सिनेमे त्यानेच चालवले होते. थिएटर जाऊन तिथे फर्निचरचं दुकान आलं, त्याची नोकरी संपून पंधरा वर्षं झाली, तरी लोक त्याला ऑपरेटरच म्हणत. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही चूक झाली नाही ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोणाला ठाऊक नसलीच तर तो स्वतः सांगायचा.

खरं तर एक झाली होती. नेमकी पहिल्या क्रमांकाच्या सिनेमातच झाली होती.

“जिन्याचा पहिला नको,” तो म्हणाला. “त्यात तिचं काम काही खास नाही.”

“मग कशात आहे?”

“तुरुंगाच्यात. काय रडते!”

“रडायला काय लागतं? कांदा चिरताना मीही रडते.”

“जुळ्या बहिणींच्यात दोन-दोन कामं केली आहेत तिने.”

“दोन टोप्या घातल्या आहेत. काम एकच.”

“अगं, पुस्तकवाले जिन्याच्या सिनेमाला नववा नंबर देतात. बाईंनी मला छापलेलं दाखवलं.”

“पुस्तकवाल्यांनी कधी कोट शिवलाय?”

कोटाचं तिने एकदा काढलं की पुढचं सगळं ओघाने येणार, हे ऑपरेटरला चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातून पाठ झालं होतं.

जिन्याच्या सिनेमाची गोष्ट साधी होती, म्हणजे गावाने पाहिली ती. टोपीवालीचं नवऱ्याशी भांडण होतं आणि ती घर सोडते. बंदरावर जाते. गर्दीत तिचा कोट एका आकड्याला अडकतो आणि खांद्यापाशी टरकन फाटतो, पण ती मागे बघत नाही. जहाज सुटतं, लहान होत जातं, नवरा धक्क्यावर उभा राहतो. आणि मग, लोक सुस्कारा सोडून उठायच्या बेतात असताना, पडद्यावर एक जिना दिसतो. टोपीवाली हातात बॅग घेऊन जिना चढते. नवरा दार उघडतो. ती काही बोलत नाही, टेबलापाशी बसते, आणि अकरा सिनेमांत पहिल्यांदाच डोक्यावरची टोपी काढते. हसते. संपलं.

“जिन्यावर तिचा कोट धड होता,” बायको सांगू लागली. “बाकी कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मी तेव्हाच म्हटलं, हिने जहाजात बसून शिवला. फाटक्या कोटाने नवऱ्याच्या दारात कशी उभी राहील? आणि टाका कुठे दिसत नाही, म्हणजे हात बरा होता बाईचा.”

“असेल.”

“असेल काय? होताच.” तिने दोरा दाताने तोडला. “तो सिनेमा पाहिला नसता, तर मी दादाच्या घरून परत आले नसते. माहीत आहे ना तुम्हाला?”

त्याला माहीत होतं. लग्नाच्या सहाव्या वर्षी एकदा त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं आणि ती बॅग भरून भावाकडे निघून गेली होती. चूक त्याची होती, पण तोंड उघडेल तर शपथ. तीन आठवडे घरात चूल थंड होती. चौथ्या सोमवारी जिन्यावर पावलं वाजली. दारात ती उभी. “त्या टोपीवालीला परत यायला लाज वाटली नाही, मग मी का वाटून घेऊ?” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पदर खोचून तिने भांडी घासायला घेतली.

त्याचा सगळा संसार त्या एका वाक्यावर उभा होता. आणि टोपीवाली परत आलीच नव्हती.

सिनेमाची रिळं दहा. गावोगाव फिरून ती झिजून आली होती, सुरुवातीच्या आणि शेवटाच्या पाट्या कधीच तुटून गेल्या होत्या. डब्यांच्या झाकणांवरचे आकडे पाहून त्याने रिळं लावली, आणि आधी कोणीतरी शेवटच्या दोन डब्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवली होती. झाकणावर भरवसा ठेवू नये, पट्टी उजेडात धरून बघावी, हा त्या धंद्यातला पहिला धडा. तेवढा एकदा त्याने कंटाळा केला. खेळ संपल्यावर रीळ उलटं गुंडाळताना पट्टीच्या कडेला कोरलेला आकडा त्याला दिसला. खऱ्या सिनेमात टोपीवाली आधी परत येते, एक संध्याकाळ नवऱ्यासोबत बसते, टोपी काढून हसते. मग सकाळी टोपी घालून बंदरावर जाते. जहाज लहान होतं. संपतं ते तिथे.

एकानेही तक्रार केली नाही. भाषा कळत नव्हती हे एक बरं होतं. उलट लोक खुशीत बाहेर पडत होते. केबिनच्या चौकोनी भोकातून तो पाहत होता. शेवटून तिसऱ्या रांगेत एक मुलगी, जी पुढे त्याची बायको झाली, दिवे लागले तरी उठली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर अजून पडद्याचाच उजेड असावा असं त्याला वाटत राहिलं. पुढे कित्येक वर्षं डोळा लागता लागता त्याला ते भोक दिसे, पलीकडची रिकामी खुर्च्यांची रांग दिसे आणि तिच्यात बसलेली ती एकटी. कधी तिच्या डोक्यावर टोपी असे, कधी नसे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने तोंडाला कुलूप लावलं. एकदा तो सिनेमा टीव्हीवर लागणार असं वर्तमानपत्रात वाचून तो भर दुपारी गच्चीवर गेला होता आणि अँटेना फिरवून आला होता. बायको दोन तास मुंग्या पाहत बसली आणि टीव्ही कंपनीला शिव्या देत राहिली.

शुक्रवारी तो एकटाच वाचनालयात गेला.

“बाई, एक विनंती होती. शेवटची दोन रिळं जरा मागेपुढे करता येतील का?”

ग्रंथपाल बाईंनी बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी त्याच्यासमोर धरली. “रिळं कुठली काका? अख्खा सिनेमा यात आहे. एकच फाइल. लावली की शेवटपर्यंत आपोआप चालते.”

“आपोआप,” तो म्हणाला.

“का हो? काही अडचण?”

“नाही, नाही. सहज विचारलं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. घरी येईपर्यंत त्याला वाटत राहिलं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतो आहे.

रविवारी सकाळी त्याने सांगायचं ठरवलं. बायको इस्त्री करत होती. तिने मोरपंखी साडी काढली होती आणि गुणगुणत होती.

“अगं, ऐक ना.”

“काय?”

“तो सिनेमा... आपल्याला आठवतो तसा नसला तर?”

“मग काय, आपण आहोत का तेव्हा होतो तसे?” ती हसली आणि साडीची घडी उलटवून इस्त्री फिरवू लागली.

सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. बाहेर लख्ख दुपार होती आणि आत पाण्याच्या तळाशी असावा तसा निळसर अंधार. वीस-पंचवीस माणसं होती. ऑपरेटर खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की जिन्याचा सिनेमा आपण बायकोच्या शेजारी बसून कधी पाहिलेलाच नाही. एवढी वर्षं तो भोकापलीकडे होता. इथे मशीनचा आवाज नव्हता, दिव्यातल्या जळत्या कार्बनच्या कांड्यांचा वास नव्हता. चित्र कुठून येतं ते कळतच नव्हतं. ते आपलं आपण भिंतीवर उमलत होतं आणि टोपीवाली त्याच्याकडे बघत होती, काल भेटल्यासारखी.

भांडण झालं. दार आपटलं. आणि लगेच जिना आला.

बायको खुर्चीत पुढे सरकली. टोपीवालीने जिना चढला, टोपी काढली, हसली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पण तो समोर बघत राहिला. मग सकाळ झाली. टोपीवालीने आरशासमोर टोपी घातली. बंदर आलं, आकडा आला, कोट टरकन फाटला. जहाज लहान होत होत पांढऱ्या ठिपक्याएवढं झालं. इतकी वर्षं तुटून गेलेली पाटी त्या ठिपक्यावर उगवली, समाप्त झाल्याची.

दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको उभी राहिली.

“अहो बाई, तुमची शेवटची रिळं उलटी लागली! आधी जहाज, मग जिना. हवं तर यांना विचारा, यांनी पाच आठवडे चालवलाय हा.”

सगळ्या माना वळल्या. ग्रंथपाल बाईंनी तोंड उघडलं, मग त्यांना शुक्रवार आठवला असावा. त्या ऑपरेटरकडे पाहून गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो उठला. गुडघा दुखत होता म्हणून खुर्चीचा आधार घेतला.

“बरोबर लागलाय,” तो म्हणाला. “चूक माझी होती. तेव्हाची.”

बायको त्याच्याकडे पाहत राहिली. मग पांढऱ्या भिंतीकडे. मग तिने पर्स उचलली आणि सावकाश दाराकडे चालू लागली. तो मागून निघाला.

बाहेर ऊन डोळ्यांत शिरत होतं. दोघं फुटपाथवरून चालत होती, ती दोन पावलं पुढे. कापडाचं दुकान गेलं, औषधांचं गेलं. सगळी दुकानं रविवारची बंद होती आणि काचांमधून दोघांच्या सावल्या सरकत होत्या.

“मग तो कोट?” तिने मागे न बघता विचारलं.

“तोवर फाटलाच नव्हता.”

“म्हणजे तिने शिवला नाही.”

“नाही.”

ती आणखी थोडं चालली. “पहिल्या दिवशी चुकलं, समजलं. दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी तू पुन्हा थिएटरात आली होतीस. बहिणीला घेऊन. दारातूनच तिला सांगत होतीस, रडू नको गं, ती शेवटी येते. मग कसं बदलू?”

“पाच आठवडे?”

“तू सात वेळा आलीस.”

ती थांबली. त्याला वाटलं आता फुटेल. पण तिने नुसता चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“मला मूर्ख बनवलंत,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“हो.”

“आणि वर एकतीस वर्षांत चूक नाही म्हणून मिरवत होता.”

“हो.”

“बाईंना सांगा, हा अकरावा. अशी जाते का कोणी? एवढं हसून, दुसऱ्या दिवशी?” तिचे डोळे भरून आले होते. “घोड्यांचा पहिला ठेवा.”

“घोड्यांचा तर तुला आवडत नाही.”

“नसू दे. त्यात निदान घोडे घरी येतात.”

कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी दोघं उभी राहिली. जे विचारायची त्याला इतकी वर्षं भीती वाटत आली होती ते आता पोटात ठेवणं जमेना.

“तेव्हाच खरा पाहिला असतास,” तो म्हणाला, “तर दादाकडून आली असतीस?”

समोरच्या दिव्याकडे बघत ती मनात काहीतरी मोजत असावी, कारण तिची बोटं हलत होती.

“आले असते,” ती म्हणाली. “चार दिवस उशिरा.”

दिवा हिरवा झाला. ती आधी उतरली, आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन त्याच्या गुडघ्यासाठी थांबली.