प्रतापरावांची पिशवी

सुभानपुऱ्याच्या प्रतापरावांनी शाळेत हयातभर शरीरशास्त्र शिकवलं. घरात मात्र लघवी हा शब्द उच्चारायची सोय नव्हती! प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर नळी लागली, तशी तिची पिशवी त्यांनी शबनममध्ये दडवली. पाहुण्यांसमोर ती भरायला नको म्हणून पाणीही जेमतेम ओठ ओले करण्यापुरतं पीत.

इस्पितळात एकदा नळी काढून झाली होती. पण संडासाबाहेर रांग, त्यात वॉर्डबॉय सारखा विचारी, "दादा, थयुं?" म्हणजे, झालं का? काहीच झालं नाही आणि नळी परत बसली. आता डॉक्टर म्हणाले होते, तब्येत ठीक आहे, या वेळी आमची नर्स घरी येऊन काढेल.

"घरी? सोसायटीभर बोभाटा होईल," प्रतापराव पत्नीवर उखडले.

मंदाकिनीबाई भाजी निवडत होत्या. "फळ्यावर मूत्राशयाची आकृती काढताना लाजायचात का? शरीर वर्गात विज्ञान आणि घरात लाज, हे कुठलं शास्त्र?"

प्रतापरावांनी फोन उचलून नर्सला सकाळची वेळ दिली.

सकाळी नर्स हेतलबेन आल्या. त्यांनी सिरिंज काढली, तसे प्रतापरावांनी डोळे मिटले. पण हाडाचा मास्तर किती वेळ डोळे मिटणार? "टाका घातलेला नाही, मग ही नळी आत राहते कशी?"

"अंदर नानो फुग्गो छे, साहेब. छोटासा, पाण्याने भरलेला. आधी ते पाणी काढायचं, मगच नळी. उगाच ओढायची नाही."

सिरिंजमध्ये पाणी येताना प्रतापराव मान उंचावून बघत राहिले. "हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

नळी अलगद निघाली. नेहमीसारखं पाणी प्या, दुपारपर्यंत लघवी झाली नाही किंवा पोटात दुखलं तर लगेच फोन करा, असं सांगून हेतलबेन नोंदी लिहायला टेबलाशी बसल्या.

तेवढ्यात शेजारचे जनार्दनपंत चहाला टपकले. नेमकी तेव्हाच प्रतापरावांना लघवीची कळ आली. पूर्वी ते दात आवळून बसले असते. आज उठले. "पंत, आज माझी नळी काढलीय. लघवी झाली तर सुटलो, नाहीतर ती पुन्हा बसणार. आलोच."

मग आतून आवाज आला, "झाली गं!" मंदाकिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

प्रतापराव बाहेर आले तर जनार्दनपंत खाली मान घालून बसलेले. "मलाही त्रास आहे हो, वर्षापासून. बोलणार कुणाशी?"

प्रतापरावांनी शबनम खुंटीला टांगली आणि कागद-पेन्सिल घेतली. "सरका इकडे, आकृती काढून दाखवतो. मग डॉक्टरांकडे दोघं जाऊ."

वाचकहो, आजार डॉक्टर बरा करतो. लाज मात्र आपली आपणच सोडायची असते, आणि ते सोडणं घरातूनच सुरू होतं.