साखरेच्या दाण्याआडचे आभाळ

देवळीच्या बबनरावांच्या किराणा दुकानातली मी जुनी कात्री आहे. मित्रांनो, वर्ध्याहून आलेल्या रद्दीचे पुड्यांसाठी चौकोन मीच कापत असे.

रद्दीत अवकाश दुर्बिणीची बातमी दिसली, की बबनराव आधी ती कापून वहीत चिकटवत. उरलेल्या कागदाची पुडी होई.

"काऊन हो, माह्या पुडीले खिडकी काऊन?" नेहमीच्या गिऱ्हाईक देवकाबाई विचारत. "जिरं सांडून राह्यलं ना!"

"तिथलं आभाळ मी कापून घेतलं, बाई."

"मंग तेवढं जिरं जास्त टाका!"

१९९६ साली मोठी बातमी आली. आभाळाच्या एका काळ्या, रिकाम्या तुकड्याकडे दुर्बीण दहा दिवस पाहत राहिली होती. तिथे हजारो आकाशगंगा निघाल्या. काहींचा प्रकाश विश्व कोवळे असताना निघालेला. बबनरावांनी साखरेचा दाणा चिमटीत धरून लेकीसमोर हात लांब केला. "मयुरे, एवढ्याशा जागेत हे सारं हाय. अन् आपल्याले वाटते, तिथं काईच नाई."

तो फोटो मी अगदी जपून कापला. मग तो पुड्यांच्या कागदांवर ठेवून बबनराव जेवायला गेले. बाजाराचा दिवस, गिऱ्हाइकांची घाई. बारा वर्षांच्या त्यांच्या मुलीने, मयुरीने, वरचाच कागद उचलून हळद बांधली. पुडी गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर तिला तिच्यावरचा फोटो दिसला. तिने हाक मारली नाही.

बबनराव आठ दिवस शोधत होते. "तू पायला का, मयुरे?"

"नाई, बाबा."

त्यांनी वहीत फोटोच्या मापाची चौकट आखली आणि पान कोरे ठेवले.

पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. मी खणात गंजत पडले. २००४ साली दुर्बिणीने त्याहून खोल पाहिले. नागपूरला नोकरी करणाऱ्या मयुरीने दुकानात फोन केला. "बाबा, नवा फोटो आणतो रविवारी. अन् एक सांगायचं हाय."

"आताच सांग ना."

"आल्यावर सांगीन."

रविवारच्या आत बबनराव गेले.

तेरवीनंतर मयुरीने मला खणातून काढले. पाती हलेनात. तिने खिळ्यावर तेलाचा थेंब सोडला. वर्तमानपत्रातला नवा फोटो मी कापला; तो वहीतल्या चौकटीपेक्षा मोठा निघाला. तिने तो छाटला नाही, तसाच चिकटवला. मग पानावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हळद मीच बांधली होती त्यात."

मित्रांनो, पुडी बांधण्याआधी कागद एकदा उलटून पाहत जा. मला तेल इतक्या वर्षांनी मिळाले, तरी मी चालले. माणसांचे तसे नसते.